पुराचे रडार नकाशे: एका विमा सर्व्हेअरने वापरून बघितले

माझा धंदा ओल मोजायचा. पूर ओसरला की टेप, टॉर्च आणि गमबूट घेऊन दुकानात शिरायचं, भिंतीवरची चिखलाची रेघ जमिनीपासून किती उंच आहे ते मोजायचं, रेघेच्या खाली किती माल होता आणि वर किती, ते वहीत उतरवायचं, भिजलेल्यातलं काही विकलं जाईल का ते चाचपायचं आणि विमा कंपनीला अहवाल धाडायचा. राहतो चिपळुणात, फिरतो खेडपासून राजापूरपर्यंत. जगबुडी, वाशिष्ठी, शास्त्री, काजळी, अर्जुना या नद्या आपलं घर चालवतात असं बायको म्हणते. मला ते आवडत नाही, पण खोटंही म्हणता येत नाही.

आज जे लिहितोय ते उपग्रहाच्या रडार चित्रांवरून काढलेल्या पुराच्या नकाशांबद्दल. फुकट मिळणारे मी स्वतः दोन पावसाळे वापरले. पैसे देऊन बनवून घेतलेला एक माझ्या अंगावर आला. दोन्हीबद्दल सांगतो, सुरुवात अंगावर आलेल्यापासून.

खाडीकाठची एक बाजारपेठ. गावाचं नाव देत नाही, दावा अजून मिटायचाय. जुलैतल्या एका रात्री पाणी शिरलं. दुकान किराण्याच्या घाऊक व्यापाऱ्याचं, वय सत्तरीचं, सगळी पेठ त्यांना अण्णा म्हणते म्हणून मीही अण्णाच म्हणतो. मी पोचलो तेव्हा भिंतीवरची रेघ पाच फूट दोन इंचांवर होती, चारही भिंतींवर एका पातळीत, अगदी ओळंब्याने मारल्यासारखी. साखरेची पोती थप्पीला जशीच्या तशी, पण हात लावला तर आत काही नाही, नुसतं पोतं. साखर विरघळून गेली होती आणि पोतं आपल्या आकारात चिखलाने ताठ होऊन बसलं होतं. तांदळाची पोती उलट फुगून शिवणीवर उसवलेली. गुळाच्या ढेपांच्या जागी जमिनीवर काळसर चिकट थर, त्यावर माशा. स्टॉक रजिस्टर मात्र अण्णांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकलं होतं, म्हणून माझं काम सोपं झालं. अहवाल आठवड्याभरात दिला.

दीड महिन्याने कंपनीचा ईमेल. सोबत चार पानी रंगीत पीडीएफ, कुठल्याशा एजन्सीने केलेलं ‘उपग्रह रडार आधारित पूर विश्लेषण’. भोवतालची शेतं निळीशार, बाजारपेठ पांढरी, आणि त्या पांढऱ्याच्या मधोमध लाल टिंब. खाली एक वाक्य: विमाधारकाचं ठिकाण पूरबाधित क्षेत्राच्या बाहेर आहे, तरी अहवालाचा फेरविचार व्हावा. मी फोनवर अण्णांना वाचून दाखवलं. ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे पाणी माझ्या दुकानाला वळसा घालून गेलं म्हणायचं?”

मी पंचवीस वर्षं या कामात आहे. माझ्या टेपवर कुणी शंका घेतली तर राग येत नाही, टेप चुकू शकतो. पण ज्या साक्षीदाराला मी ओळखतच नाही त्याच्या भरवशावर मला खोटं ठरवलं तर झोप लागत नाही. म्हणून शिकायला बसलो.

माझी भाची पुण्यात भूमाहितीशास्त्र शिकलेली. गणपतीला आली होती, गौरी गेल्यावर दोन दिवस जास्तीची राहिली. “मामा, आधी फुकटचं बघ, मग विकतच्याला नावं ठेव,” म्हणाली आणि लॅपटॉपवर कोपर्निकस ब्राउझर उघडून दिला. युरोपीय अवकाश संस्थेचा सेंटिनेल-१ हा रडारवाला उपग्रह आहे. पहिला ३ एप्रिल २०१४ ला गेला, दुसरा २०१६ ला. दुसऱ्यात २३ डिसेंबर २०२१ ला बिघाड झाला आणि तो पुन्हा चालला नाही. मग २०२४ च्या डिसेंबरात सेंटिनेल-१सी वर गेला. यांची चित्रं जगातल्या कुणालाही फुकट, चिपळूणच्या विमा सर्व्हेअरलाही. गावाचं नाव टाका, तारीख निवडा, चित्र समोर. आधीची आणि नंतरची तारीख शेजारी ठेवून मधली पट्टी सरकवत बघता येतं. एवढं करायला काही शिकावं लागत नाही, आमच्या शेजारचा आठवीतला मुलगाही करतो.

चित्र काळं-पांढरं असतं आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला त्यात रवा सांडल्यासारखे दाणे सोडून काही दिसत नाही. भाचीने समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो. अंधारात विहिरीच्या काठावर उभं राहून पाण्यावर तिरका टॉर्च मारा. उजेड पाण्यावरून घसरून पलीकडे जातो, आपल्याकडे परत येत नाही, पाणी काळं दिसतं. तोच टॉर्च चिऱ्याच्या भिंतीवर मारा, भिंत उजळते. उपग्रह साधारण ६९३ किलोमीटरवरून असाच तिरका टॉर्च मारत जातो, फक्त उजेडाच्या जागी साडेपाच सेंटीमीटरच्या आसपास लांबीच्या लहरी असतात. संथ पाणी काळं, गवत-झाडं करडी, घरं पांढरी. या लहरींना ढग अडवत नाहीत, रात्र अडवत नाही. कोकणात जुलैत साध्या कॅमेऱ्याचं उपग्रह चित्र उघडा, कापूस पिंजून ठेवल्यासारखे ढग दिसतात, दुसरं काही नाही. त्यामुळे पावसाळ्यात आमच्या कामाचं काही असेल तर ते रडारच.

आता कौतुकाचं आधी. दाभोळ खाडीच्या काठाला एका गावात खाजणाचा, म्हणजे खाडीलगतच्या खार जमिनीचा, बांध फुटला होता. खारं पाणी भातात शिरून आठ-दहा दिवस हललं नाही. हा माझ्या दाव्याचा भाग नव्हता, तिथल्या ओळखीच्या शेतकऱ्याला तलाठ्यासमोर पंचनाम्यात मदत हवी होती म्हणून गेलो. जाण्याआधी चित्रावर पाण्याची कड काढून, तिचा नकाशा मोबाइलवर घेऊन गेलो. बांधावरून आम्ही दोघं चाललो. तो पुढे, काठीने बुडालेले तरवे दाखवत, मी मागे मोबाइल बघत. जिथे तो म्हणे “हितपर्यंत,” तिथेच माझी कड. कुठे वीस पावलं अलीकडे, कुठे पलीकडे, यापेक्षा जास्त फरक नाही. एका ठिकाणी नकाशा त्याच्यापेक्षा बरोबर निघाला: शेजाऱ्याच्या खाचरात पाणी नव्हतंच असं तो छातीठोक सांगत होता, नकाशात काळं होतं, जाऊन बघितलं तर रोपं पिवळी पडून झोपलेली. त्या दिवशी मी या वस्तूवर खूश होतो. उघडं रान, पसरलेलं संथ पाणी, चार दिवस थांबलेलं: एवढं जमलं तर रडारसारखा साक्षीदार नाही, शिवाय तो कुणाच्या गोटातला नसतो.

खुशीत घरी येऊन मी अख्ख्या खाडीचा पुराचा नकाशा काढायला बसलो. भाचीने एका लिपीचा, म्हणजे संगणकाला द्यायच्या तयार आज्ञांच्या स्क्रिप्टचा, दुवा देऊन ठेवला होता. संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-स्पायडर या उपक्रमाने पुराच्या नकाशासाठी शिफारस केलेली पद्धत आहे, ती गुगल अर्थ इंजिनवर चालते. पुराआधीच्या तारखा द्या, पुरानंतरच्या द्या, ती दोन चित्रांचा भागाकार करते आणि फरक १.२५ च्या वर गेला की तिथे पूर धरते. कायमचं पाणी वगळते, पाच टक्क्यांपेक्षा जास्त उतार वगळते. चालवली. दाभोळपासून गोवळकोटपर्यंत खाडीचे दोन्ही काठ निळेगार! मी तर घाबरलोच, एवढा पूर आणि मला पत्ता नाही. रात्री साडेदहाला भाचीला फोन लावला. तिने तारखा विचारल्या, अर्धं मिनिट थांबली आणि म्हणाली, “मामा, ती भरती आहे.”

या गोष्टीवर मी जरा रेंगाळणार आहे, कारण किनाऱ्यावरच्या माणसाने हे नकाशे बघताना पहिली अक्कल इथे लावायची. पुण्या-नगरच्या माणसाला हा प्रश्न पडत नाही आणि नकाशे बनवणारे बहुतेक तिकडचे.

हा उपग्रह आपल्यावरून जातो तो नेहमी त्याच घड्याळी वेळेला, सकाळी किंवा संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास. आणि एका वाटेने पुन्हा येतो बारा दिवसांनी. भरतीचा आमचा जुना हिशोब म्हणजे तिथीची पाऊणपट. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाला पाणी भरलं. पुनवेला-अवसेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या आसपास भरती, आणि सकाळ-संध्याकाळी सहाला खडखडीत ओहोटी. मी घेतलेलं आधीचं चित्र निघालं अवसेचं. खाडी पार आटलेली, चिखल, कालवांचे खडक, तिवरांची मुळं उघडी. नंतरचं चित्र त्यापुढे चोवीस दिवसांचं. अवसेनंतर चोवीस म्हणजे वद्य नवमी, नवाची पाऊणपट पावणेसात, म्हणजे पाणी काठोकाठ. दोन चित्रांत फरक पडला तो भरतीचा. लिपी बिचारी भागाकार करते, तिला पंचांग कुठे माहीत.

याची दुसरी बाजू जास्त महत्त्वाची आहे आणि ती मला कुणी सांगितली नाही, हिशोब करताना माझी मलाच सापडली. साडेसहाला येणाऱ्या उपग्रहाला अवसे-पुनवेचं उधाण भरलेलं कधीच दिसायचं नाही. त्याच्या वाट्याला त्या दिवशी ओहोटीच येणार. भरलेलं पाणी दिसलं तर अष्टमी-नवमीच्या भांगाचं, जे मुळातच कमी चढतं. आणि आमच्या खाडीकाठच्या पेठा बुडतात कधी? डोंगरात पाऊस आणि खाली उधाण एकाच वेळी आलं, नदीचं पाणी खाडीत उतरेना झालं, की तेव्हा. खाडीत आत आत भरती मागाहून पोचते, त्यामुळे वरच्या गावांना तास-दोन तासांचा फरक पडेल, पण मुद्दा तोच. ज्या घटकेला पेठ सगळ्यात जास्त बुडते त्या घटकेला हा पाहुणा सहसा इकडे नसतो.

वेळेची गोष्ट निघालीच आहे तर पुढचंही सांगतो. २२ जुलै २०२१ च्या पहाटे चिपळुणात पाणी चढायला लागलं तेव्हा आम्ही जिन्याच्या पायऱ्या मोजत होतो. वाशिष्ठी आणि शिवनदी दोन्ही बाजूंनी शहरात आल्या. लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराची पुस्तकं गेली, हायवेवरचा वाशिष्ठीचा जुना पूल खचला. पाणी चढलं तासांच्या हिशोबात आणि ओसरलंही तासांच्या हिशोबात. मागे राहिला तो गाळ. आमच्या नद्या आखूड. घाटमाथ्यावर पडलेला पाऊस काही तासांत खाडीला लागतो. बिहारात किंवा आसामात पाणी आठवडे-आठवडे बसून राहतं, तिथे बारा दिवसांनी येणारा उपग्रहही काहीतरी पकडतो. कोकणातला पूर म्हणजे अंगणातून पळालेला चोर, पोलीस आठवड्याने येऊन पावलं शोधणार. जोडीने दोन उपग्रह फिरत असले की फेरी सहा दिवसांवर येते, पण दोघंही प्रत्येक फेरीला आपलं चित्र काढतीलच असं नसतं.

आता अण्णांच्या पीडीएफकडे परत येतो, कारण एवढं कळल्यावर मी ते चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

चौथ्या पानाच्या तळाला बारीक अक्षरात चित्राची वेळ होती: यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेने, शून्य वाजून पंचावन्न मिनिटं. मजकूर लिहिणाऱ्याने पहिल्या पानावर ठोकून दिलं होतं की चित्र ‘पुराच्या रात्री मध्यरात्रीनंतर’ घेतलेलं आहे. यूटीसीत साडेपाच तास मिळवले की आपली वेळ येते. म्हणजे चित्र सकाळी सहा पंचवीसचं. अण्णांच्या समोरच्या मेडिकलवाल्याने रात्रभर गच्चीवरून मोबाइलवर फोटो काढले होते. तीनच्या सुमाराच्या फोटोत पाणी दुकानांच्या पाट्यांना लागलंय, साडेपाचच्या फोटोत रस्ता दिसतो, चिखलाने भरलेला. उपग्रह आला तेव्हा पेठेतलं पाणी निघून गेलेलं होतं. पेठ पांढरी दिसली यात उपग्रहाची काही चूक नाही. ती मध्यरात्रीची म्हणून विकणाऱ्याची आहे.

बरं, समजा उपग्रह तीन वाजता आला असता, तरी पेठ निळी झाली असती का? बहुतेक नाही. दाट वस्तीत रडारचं गणित उलटं होतं. लहर पाण्यावर आपटते, घसरून समोरच्या भिंतीवर जाते आणि भिंतीवरून सरळ उपग्रहाकडे परत येते. गल्लीत पाणी भरलं की गल्ली काळी व्हायच्या ऐवजी कधी कधी आधीपेक्षा उजळच दिसते. काळं तेवढा पूर असं धरणाऱ्या साध्या पद्धतीने केलेल्या नकाशात शहरातला पूर म्हणूनच कमी दिसतो. शास्त्रात हे जुनं आहे, कुठल्याही प्रामाणिक अहवालात याची तळटीप असते. या चार पानांत नव्हती.

त्यात मापाचा प्रश्न. चित्राचा एक ठिपका दहा मीटरचा, म्हणजे तेहतीस फूट, आणि खरी नजर त्याहून जाड, वीसेक मीटरची. आमच्या पेठेतला गाळा दहा-बारा फुटांचा. एका ठिपक्यात अण्णांचं दुकान, शेजारचा सोनार, पलीकडचं सलून आणि समोरचा निम्मा रस्ता. त्यात एका गाळ्याबद्दल ‘बाहेर’ किंवा ‘आत’ असं टिंब देऊन सांगणं म्हणजे ट्रकच्या काट्यावर मंगळसूत्र तोलणं.

आणि भोवतालची निळीशार शेतं? जुलैचा मध्य. त्या गावात लावणीची चिखलणी चालू होती. चिखलणी केलेलं खाचर म्हणजे बांधाबांधाला अडवलेलं, आरशासारखं संथ पाणी. रडारला ते आणि पुराचं पाणी सारखंच. आधीचं चित्र जूनच्या सुरुवातीचं घेतलं होतं, तेव्हा ढेकळं होती. भागाकार केला की सगळी लावणी पुरात जमा. म्हणजे जिथे माणसं गुडघाभर पाण्यात गाणी म्हणत आवण लावत होती तिथे पूर दाखवला आणि जिथे साखर विरघळली तिथे कोरडं. एजन्सीने कुणा शेतकऱ्याला एक फोन केला असता तरी पुरलं असतं.

मी स्वतः लिपी चालवताना तो १.२५ चा आकडा हलवून बघितला. थोडा खाली आणला तर पाणी देवळाच्या पायरीपर्यंत चढलं, थोडा वर नेला तर निम्मा पूर गायब. आकडा असायला हरकत नाही, माझ्या धंद्यातही घसाऱ्याचे आकडे असतातच. पण मी अहवालात घसारा किती धरला ते लिहितो. पीडीएफमध्ये ना आकडा, ना आधीच्या चित्राची तारीख पहिल्या पानावर, ना पद्धतीचं नाव. कंपनीने त्याला पैसे मोजले असणार. फुकटची लिपी तिच्या प्रत्येक ओळीत काय केलं ते लिहून देते.

छोट्या तक्रारी भरभर सांगतो. घाटाच्या कड्यांची सावली पाण्यासारखी काळी पडते. उतार गाळला की बहुतेक जाते. वारा सुटला आणि पाण्यावर लाटा उठल्या की पाणी करडं होतं आणि नकाशातून निसटतं. पावसाळ्यात वारा नसतो कधी? नारळी-पोफळीच्या बागेत खाली कमरेभर पाणी असलं तरी वरून झावळ्याच दिसतात, साडेपाच सेंटीमीटरची लहर त्यातून खाली पोचत नाही. आणि संपूर्ण फाइल उतरवून स्वतः चाळायची हौस असेल तर एकेक फाइल एक जीबीच्या घरात जाते. ती उघडायला स्नॅप नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते चांगलं आहे, माझा लॅपटॉप चांगला नाही. चित्र तयार होईपर्यंत मी दोनदा चहा केला.

सगळ्यात मोठी मर्यादा मात्र वेगळीच आहे आणि ती कुठल्याही उपग्रहाची आहे. नकाशा पाणी कुठवर पसरलं ते सांगतो. नुकसान सांगत नाही. माझ्या पॉलिसीच्या भाषेत वादळ, पूर, जलप्रलय ही जोखीम कलमात असते, पण पैसे ठरतात ते पाणी किती उंच चढलं आणि किती तास थांबलं यावर. चार बोटं पाण्याने तांदळाचा खालचा थर भिजतो, पाच फुटांनी वखार जाते. रडारच्या चित्रात दोन्ही एकच निळा. काही जण पाण्याच्या कडेवरून आणि जमिनीच्या उंचीवरून खोली काढतात. फुकट मिळणारी उंचीची माहिती तीस मीटरच्या ठिपक्याची, आणि तीही पुष्कळदा जमिनीची नसून झाडांच्या शेंड्यांची आणि छपरांची. माडांनी भरलेल्या कोकणात त्यावरून इंचात खोली सांगणाऱ्याला मी दुरून नमस्कार करतो. लाल आणि निळ्या पूररेषेवरून चिपळुणात जे रामायण झालं ते आठवा. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर निळ्या रेषेत, शंभरातून एकदाचा लाल रेषेत, आणि शहराचा केवढा भाग त्यात. नकाशावरची एक रेघ माणसाच्या घराचं काय करते ते आम्हाला शिकवायला नको.

इमारतींची पडझड ओळखायची एक वेगळी रीत आहे, दोन फेऱ्यांमधल्या लहरींचा मेळ बसतो का ते बघायची. सिमेंटच्या शहरात ती चालते. आपल्याकडे बारा दिवसांत गवतच एवढं वाढतं की मेळ तसाही मोडतो. भाची म्हणाली पेठेपुरतं करून बघू, अजून बघितलेलं नाही.

आपल्या देशातलंही सांगायला हवं. इस्रोचा ईओएस-०४ हा रडार उपग्रह १४ फेब्रुवारी २०२२ पासून वर आहे, आणि हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राचे पुराचे नकाशे इस्रोच्या भुवन या संकेतस्थळावर बघता येतात. त्यांची एक सवय मला फार आवडते: कुठल्या उपग्रहाचं, कुठल्या तारखेचं, किती वाजताचं चित्र ते नकाशावरच लिहितात. नासा आणि इस्रोचा निसार ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला. त्याची एक लहर चोवीस सेंटीमीटरची आहे, ती पानांतून खाली उतरते. पोफळीच्या बागेतलं पाणी दिसलं तर त्यालाच दिसेल. फेरी मात्र त्याचीही बारा दिवसांची.

तारे द्यायची पद्धत आहे म्हणून देतो. सेंटिनेलची फुकट चित्रं आणि ती लिपी: खाजण, मळे, उघडी शेतं यांच्यासाठी पाचपैकी चार, तिथी बघून तारखा निवडल्या तर साडेचार. बाजारपेठेसाठी एक, तोही फुकट आहे म्हणून. विकतच्या पीडीएफला तारा देत नाही. दुकानदारांना एक सांगतो, असा नकाशा तुमच्यासमोर ठेवला तर रंग बघू नका, चित्राची वेळ विचारा, ती यूटीसीत आहे की आपल्या घड्याळाने ते विचारा, आणि आधीचं चित्र कुठल्या तारखेचं ते विचारा. बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नाला समोरचा पान उलटायला लागतो. आणि पाणी ओसरल्यावर भिंत धुवायच्या आधी रेघेला टेप लावून फोटो काढा, त्यात त्या दिवसाचं वर्तमानपत्र येऊ द्या.

अण्णांच्या दाव्यात मी तीन पानांची पुरवणी जोडली. वेळेचा हिशोब, मेडिकलवाल्याचे फोटो, रेघेचा फोटो, चिखलणीच्या शेतांचा फोटो, आणि त्या दिवसाची तिथी. तिथी लिहिताना हात जरा अडखळला, विमा अहवालात पंचांग लिहायची माझी पहिलीच वेळ. अण्णांनी दुकान पुन्हा उघडलंय, अर्ध्या मालावर. भिंती रंगवल्या, पण गल्ल्यामागची हातभर भिंत तशीच ठेवलीय, रेघेसकट. मी म्हटलं, आता रंगवा, फोटो आहेत. “राहूदे,” म्हणाले, “निकाल लागंपर्यंत राहूदे.”

पुरवणी पाठवून चार महिने झाले. पोच आली आहे.